पाण्यावरच्या रस्त्याची नोंद कुठे आहे?

रस्ता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मुरूम, खडी, डांबर, फार तर एखादी मोरी नाहीतर पूल. त्या रस्त्याला नंबर असतो. ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग असे त्याचे नाव सरकारी वहीत लिहिलेले असते. खड्डे पडले तर कोणाच्या दारात जाऊन बसायचे हे गावाला ठाऊक असते. काम होते की नाही हा पुढचा प्रश्न, पण दार तरी ठरलेले असते.

आता असे धरा, की तुमच्या गावाची वाट जमिनीवरून जातच नाही, ती पाण्यावरून जाते. मग ती वाट कोणाच्या वहीत? नाव फुटली, इंजिन बंद पडले, नावाडी तापाने पडला, तर दाद कोणाकडे मागायची?

कोणी म्हणेल, "भाऊ, हा तर कोकण्यांचा प्रश्न. आपल्या खान्देशात कापूस, केळी न् कांद्याचं बोला." तसे नाही. हा प्रश्न आपल्याही उंबऱ्याशी आहे, म्हणून तर आज या पानावर मांडतो आहे.

तापीकाठची नाव गेली, नर्मदाकाठी आली

तापीमाय मुलताईला उगवते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाटेत जळगाव, धुळे, नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे लागतात. चांगदेवला पूर्णा, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई तिला येऊन मिळते. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात नावेने आणि उन्हाळ्यात उताराने नदी ओलांडायची, हाच रिवाज होता. पाणी कुठे कमरेला लागते, कुठे भोवरा आहे, कुठे वाळू दगा देते हे काठावरच्या भोई-ढिवरांना पाठ असायचे.

आणि ही नुसती खासगी बाब नव्हती. मुंबई इलाख्यात नावांच्या वाहतुकीसाठी १८६८ सालीच कायदा झाला होता. नदीवरची सार्वजनिक नाव ही सरकारने लक्ष घालायची गोष्ट आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते. पुढे पूल झाले, एस.टी. आली आणि आपण नाव विसरलो. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. पूल झाला तर तो चांगलाच.

पण एकीकडे पूल होत असताना दुसरीकडे धरणे होत होती. १९७२ साली उकाई झाले, त्याचा फुगवटा आपल्या हद्दीपर्यंत आला. हतनूर झाले. मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे बॅरेज झाले. जिथे चैत्र-वैशाखात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जायची तिथे आता पाणी उभे राहते. पाण्याशिवाय शेती नाही, त्यामुळे बॅरेजला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. एवढेच लक्षात घ्या, की अडवलेले पाणी पिकाला जीव देते आणि त्याच वेळी एखाद्याची पायवाटही बुडवते.

याचा सगळ्यात मोठा दाखला नर्मदेवर आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे तालुके १ जुलै १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यात होते. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली, अक्कलकुव्याची ९ आणि अक्राणीची २४. सुरुवात मणिबेलीपासून. ज्यांचे पुनर्वसन झाले ते तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत आले. पण सगळी माणसे काही खाली उतरली नाहीत. डोंगरावर वर सरकून राहिलेली घरे आहेत, पाडे आहेत. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली, २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला टेकले. नाल्या-ओहोळांत पाणी मागेपर्यंत शिरले. एका पाड्यावरून समोरच्या पाड्यावर हाक ऐकू येते, पण मध्ये पाणी. कित्येक टेकड्या तीन बाजूंनी पाण्यात आहेत. नकाशावर त्यांना बेट म्हणत नसतील, पण राहणाऱ्याला ते बेटच.

अशा ठिकाणी माणूस कसा जातो? नावेने. २०२० साली टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः वल्हे मारीत रोजचे १८ किलोमीटर पाणी कापून पाड्यांवरच्या बालकांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोहोचत होत्या. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण कौतुक करताना एक साधा प्रश्न मागे राहिला. त्या बाईंनी वल्हे हातात घेतले, ते तिथे चालू असलेली नाव नव्हती म्हणूनच ना?

भरल्याशिवाय न सुटणारी नाव

ज्या पाण्यावर कोणाचीच ठरलेली नाव नाही, तिथे ज्याच्याकडे नाव असेल तो माणसे नेतो. त्याला डिझेल घालायचे असते, इंजिनाची दुरुस्ती करायची असते, घर चालवायचे असते. माणशी भाडे घेतले तरच त्याचे जमते. म्हणून नाव भरल्याशिवाय सुटत नाही. आणि बाजाराच्या, सणाच्या दिवशी ती भरल्यावरही थांबत नाही; आणखी चार जण चढतात. यात नावाड्याचा लोभ शोधू नका. काळी-पिवळी जीप अशीच भरते, हे आपण रोज पाहतो. फरक इतकाच, की जीप पंक्चर झाली तर माणूस रस्त्यावर उभा राहतो.

१५ जानेवारी २०१९, मकर संक्रांतीचा दिवस. धडगाव तालुक्यात भुषा पॉइंटजवळ नर्मदेत नाव उलटली आणि माणसे बुडून मेली. नावेत साठच्या घरात माणसे असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तुम्ही शेतकरी आहात, हिशेब तुम्हीच करा. माणशी ५० किलो धरले तरी साठ माणसांचे ३० क्विंटल होतात. आणि हा माल पोत्यासारखा पडून राहत नाही. तो उभा असतो, हलतो, एका बाजूला काही दिसले की सगळा तिकडे सरकतो. चाऱ्याची गाडी उंच भरली की वळणावर कशी कलंडते हे तुम्ही जाणता. उभ्या माणसांची नाव म्हणजे तीच उंच भरलेली गाडी. बसलेल्या माणसांनी नावेचा भार खाली राहतो, उभ्यांनी तो वर जातो. शिवाय काठ पाण्यापासून वीतभरच वर राहिला असेल, तर एका लाटेने पाणी आत येते आणि आत आलेले पाणी पुन्हा एका बाजूला धावते.

म्हणून अपघात झाला की "नावाड्याची चूक" एवढे लिहून फाईल बंद करणे सोपे असते. पण भरल्यावरच सुटायचे, हा नियम नावाड्याने केलेला नाही. नाव त्याच्या पोटावर सोडून दिली त्या व्यवस्थेने तो केला आहे. हा नियम बदलायचा तर नावेला वेळापत्रक पाहिजे आणि नावाड्याला पगार पाहिजे. असे कुठे होते का? होते. फार लांब जायला नको.

गोव्याची फेरीबोट

तुमच्यापैकी बरेच जण गोव्याला गेले असतील. पुढच्या वेळी गेलात तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावर अर्धा तास थांबा. समोर मांडवी नदी, पलीकडे दिवाडी बेट. जुन्या गोव्यालगत एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारपट्टीच्या शेतीची संशोधन संस्था आहे. अभ्यासदौऱ्याला गेलेल्या शेतकऱ्यांना तेथून हा धक्का जवळ पडेल.

दिवाडीला जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोट जाते. शेजारचे चोडण बेट रायबंदरशी फेरीबोटीने जोडलेले आहे. बोट म्हणजे सपाट तळाचा लोखंडी मोठा तराफाच. तोंडाला फळी असते, तिला रॅम्प म्हणतात. धक्का उतरणीचा बांधलेला असतो. बोट नाक लावते, फळी खाली पडते आणि मोटारसायकली, जीपगाड्या, टेम्पो, शाळेची पोरे, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया असे सगळे पाचेक मिनिटांत आत-बाहेर होते. मांडवीला भरती-ओहोटी असल्याने पाणी दीड-दोन मीटर वर-खाली होते. तेवढे ती उतरण सांभाळून घेते.

ही बोट कोणाची? गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची. बोटीवरची माणसे सरकारी नोकर. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. म्हणजे बोटीत एक म्हातारी असो की पन्नास माणसे, वेळ झाली की ती सुटते. जास्त माणसे कोंबून बोटवाल्याचा एक पैसाही फायदा होत नाही, मग तो कोंबेल कशाला? सुरक्षेचा पहिला धडा लाईफ जॅकेटमध्ये नाही, या हिशेबात आहे.

"पण सरकारला तोटा होतो की," असे कोणी म्हणेल. होतोच. वसुली खर्चाच्या मानाने अगदी थोडी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोवा सरकारने दुचाकीला भाडे लावण्याचे आणि चारचाकीचे भाडे वाढवण्याचे ठरवले होते. बेटावरचे लोक उठले आणि तो निर्णय थांबवावा लागला. लोकांचे म्हणणे सरळ होते. पणजीच्या माणसाला घरापुढच्या रस्त्यावर पाय ठेवायला पैसे पडत नाहीत, मग आम्हालाच का पडावेत? आपल्या गावाच्या डांबरी रस्त्यानेही सरकारला कधी नफा दिलेला नाही, आणि तो कोणी मागितलाही नाही.

दिवाडी-चोडणची शेती पाहण्यासारखी आहे. तिला खाजन म्हणतात. खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानस नावाचे लाकडी दरवाजे बसवून, भरतीचे पाणी बाहेर ठेवून तिथे भात पिकवतात. कोरगुट ही खारे सोसणारी जात त्यासाठीच. अशी शेती टिकवायची तर माणूस बेटावर राहिला पाहिजे. पोराला शाळेसाठी, कारखान्यातल्या नोकरीसाठी रोज पलीकडे जाऊन रात्री घरी येता आले, तरच तो बेटावर राहतो. बांध फुटला की रात्रीत जाऊन बुजवणारी माणसे गावात असावी लागतात. फेरीबोट त्या बेटावरच्या शेतीचाही आधार आहे, तो असा.

आणखी एक. दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. पोर्तुगीज अमलात ते पाडले गेले आणि देव नदीपार नार्व्याला नेला. त्या देवळाचा १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये आज फेरीबोट जाते. नदी मध्ये असली तरी दोन्ही काठांचे नाते तुटत नाही, फक्त मधली वाट चालू ठेवावी लागते.

आणि पूल झाला म्हणून नाव मोडीत काढू नये, हेही गोव्यानेच शिकवले. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडले. तोवर पणजी-बेतीचा भार याच फेरीबोटींनी उचलला. २०२५ च्या जुलैपासून चोडण-रायबंदर मार्गावर रो-रो बोटीही आल्या आहेत. रो-रो म्हणजे गाडी एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने सरळ बाहेर, वळवायची भानगड नाही.

कोयनेचा तराफा, कोचीची महापालिका

गोवा म्हणजे समुद्रकाठचे राज्य, त्यांचे वेगळे, असे म्हणाल तर आपल्या महाराष्ट्रातला दाखला घ्या, आणि तोही धरणाचाच. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. साठच्या दशकात पाणी चढले आणि जावळी, महाबळेश्वर, पाटण या तालुक्यांतली खोऱ्यातली गावे एकमेकांपासून तुटली. नर्मदेसारखीच गोष्ट. तिथे सातारा जिल्हा परिषदेने लाँच चालवल्या. तापोळा-बामणोली भागात तिचा तराफाही चालत आला आहे. तराफ्यावर जीप, मोटार चढते आणि माणसांबरोबर पलीकडे जाते. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला याचे महत्त्व विचारा. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की अडचणी येतात, तराफा जुना झाला की तक्रारी होतात. पण तक्रार करायला दार आहे, आणि त्या दारावर जिल्हा परिषदेची पाटी आहे. तिथल्या लोकांनी पुलाची मागणी सोडलेली नाही. तापोळ्याजवळ मोठ्या पुलाचे कामही हाती घेतले गेले. पूल होईपर्यंत लोकांनी पोहत जावे, असे मात्र कोणी म्हटले नाही.

केरळातल्या कोचीचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. फोर्ट कोची आणि वायपीन बेट यांच्यात पाण्याचा पट्टा लहानसा, चार-पाच मिनिटांचा. रस्त्याने जायचे तर बारा-पंधरा किलोमीटरचा वळसा. तिथे जुनी प्रवासी बोट ठेकेदारामार्फत चालत होती. २६ ऑगस्ट २०१५ रोजी मासेमारीच्या बोटीची धडक बसून ती बुडाली आणि ११ जणांचा जीव गेला. त्यानंतर कोची महापालिकेने कोचीच्याच सरकारी गोदीतून दोन रो-रो बोटी बांधून घेतल्या. एप्रिल २०१८ मध्ये त्या पाण्यात उतरल्या. मालकी महापालिकेची, चालवायला राज्याचे जलवाहतूक महामंडळ. माणसे आणि गाड्या एकाच फेरीत. एका शहराची महापालिका रस्ते, गटारी, दिवे यांच्या जोडीला बोटही सांभाळते ती अशी.

कोकणात दाभोळ-धोपावे येथे २००३ साली खासगी फेरीबोट सुरू झाली आणि गुहागर-दापोलीचा मोठा वळसा वाचला. तीही चांगली चालली. पण तिथे पर्यटकांच्या मोटारी आहेत, भाडे निघते. नर्मदेच्या पाड्यावर मोटार नाही. तिथे डोक्यावर आमचुराचे गाठोडे घेतलेली बाई आहे. खासगी माणूस तिच्या भाड्यावर गाड्यांची बोट कधीच आणणार नाही. म्हणून तिथे सरकारी किंवा जिल्हा परिषदेचीच नाव लागते.

भाव काठावर का पडतो?

माझा विषय शेतीचा. म्हणून शेतीच्या बाजूनेही सांगतो. अक्राणीचे आमचूर, मोहफुले, चारोळी, आणि आता जलाशयातली मासळी हा त्या भागाचा माल. मासळीसाठी आदिवासींच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत. माल चांगला आहे, पण नाव कधी सुटेल याचा भरवसा नसेल तर माल काठावर पडून राहतो. मासळी तर दुपारपर्यंतही थांबत नाही. मग जो व्यापारी काठावर येतो त्याचा भाव. "घ्यायचा तर घे, नाही तर मी चाललो." या वाक्यापुढे शेतकरी हरतो तो माल वाईट म्हणून नाही, वाट त्याच्या हातात नाही म्हणून. ठरलेल्या वेळेची नाव असेल तर तोच माणूस म्हणू शकतो, "राहू दे, उद्या सकाळच्या नावेने बाजारात नेतो."

उलट बाजूही तशीच. ४५ किलोची युरियाची गोणी, बियाणे, फवारणी पंप, शेळीचे औषध हे सगळे याच पाण्यावरून वर जाते. पेरणीच्या तोंडाशी दोन दिवस नाव नसेल तर वाफसा निघून जातो. आम्ही विस्ताराचे लोक शिबिरात सांगतो, "वेळेवर पेरा." वेळेवर पेरायला बी वेळेवर पोहोचावे लागते.

आणखी एक हिशेब पाहा. एस.टी.त ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. चांगलीच गोष्ट. पण ज्या पाड्याला एस.टी.च जात नाही, तिथल्या आजीला या सवलतीचा काय उपयोग? ती खासगी नावेचे पूर्ण भाडे देते. सवलत रस्त्याला मिळाली, पाण्याला नाही.

आपल्याकडे अडते ते कुठे?

प्रामाणिकपणे सांगायचे तर नर्मदेवर गोव्याची बोट जशीच्या तशी आणून सोडता येणार नाही. अडचण आहे ती पाण्याच्या चढ-उताराची. मांडवी दीड-दोन मीटर हलते. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि वापराची किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे फरक २८ मीटरचा, नऊ मजली इमारतीएवढा. दहाला एक अशी उतरण धरली तरी २८० मीटर लांबीचा धक्का लागेल, तोही डोंगराच्या कड्यावर. आणि पाणी उतरले की मागे राहतो गाळ. त्यात गुडघ्यापर्यंत पाय रुततो. गरोदर बाईला खाटेवर उचलून त्या गाळातून नावेपर्यंत न्यायचे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले तोच जाणे.

यावर उपाय नाही असे नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हा एक उपाय आहे. कोचीत एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या जलमेट्रोचे धक्के तसे आहेत. डोंगराच्या बाजूला वेगवेगळ्या पातळीवर दोन-तीन ठिकाणी दगडी पायऱ्या आणि उतरणी बांधणे हा दुसरा. गाड्यांचा तराफा प्रत्येक पाड्याला लागत नाही. मोठ्या रस्त्याला लागून दोन-तीन मुख्य ठिकाणे धरली आणि बाकीच्यांना माणसांची लाँच दिली तरी मोठे काम होईल. याच पट्ट्यात आरोग्य विभागाने तरंगता दवाखाना, बोट अॅम्ब्युलन्स सुरू केली होती. म्हणजे या पाण्यावर सरकारी बोट जाऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे. जी बोट रुग्णासाठी जाऊ शकते ती वेळापत्रकाने बाजारासाठी आणि शाळेसाठीही जाऊ शकते.

कायद्याचे म्हणाल तर तोही आड येत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने घटनेला अकरावी अनुसूची जोडली गेली. पंचायतींकडे द्यायच्या २९ विषयांची ती यादी. तिच्यातला तेरावा विषय वाचा: रस्ते, मोऱ्या, पूल, नावांची वाहतूक, जलमार्ग. एकाच ओळीत. घटनेने नावेला रस्त्याच्या रांगेत बसवले आहे. आपण मात्र रस्त्याचा आराखडा करतो आणि नाव सोडून देतो.

गावाने काय करावे?

नुसते वाचून पान पालटू नका. फुगवट्याच्या, बॅरेजच्या काठावर तुमचे गाव असेल, मग ते तापीवर असो, नर्मदेवर असो की हतनूरच्या मागे, तर पुढच्या गोष्टी करता येतात.

पहिली, मोजणी करा. एक महिनाभर काठावर वही ठेवा. रोज किती माणसे गेली-आली, त्यात शाळेची पोरे किती, आजारी किती, किती क्विंटल माल गेला, बाजाराच्या दिवशी किती गर्दी झाली. शाळेतल्या मोठ्या मुलांना हे काम उत्तम जमते. "आमच्याकडे फार त्रास आहे" या वाक्याने कागद हलत नाही, आकड्याने हलतो.

दुसरी, ग्रामसभेचा ठराव करा. पाण्यावरची वाट कुठून कुठे, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात धक्का कुठे लागतो, हे नकाशासह लिहा आणि जिल्हा परिषदेच्या आराखड्यात ती वाट धरावी अशी मागणी करा. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला पेसा कायद्याने १९९६ पासून वेगळे बळ आहे, ते वापरा.

तिसरी, आज जी नाव चालते ती सांभाळा. देशात अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा २०२१ साली झाला. इंजिनाच्या नावेची नोंदणी आणि तपासणी त्यात सांगितली आहे, आणि बिनइंजिनाच्या नावांकडेही स्थानिक संस्थांनी लक्ष द्यावे अशी तरतूद आहे. नावाड्याला धाक घालण्यासाठी नव्हे, त्याच्या मदतीसाठी हे करून घ्या. नोंद असेल तर उद्या अनुदान, विमा, लाईफ जॅकेट मागता येते.

चौथी, काही नियम गावाने स्वतःच पाळावेत. नावेच्या बाहेरच्या बाजूला रंगाचा ठळक पट्टा मारा. पट्टा पाण्याखाली गेला की एकही माणूस वर घ्यायचा नाही, मग तो सरपंच का असेना. सगळ्यांनी बसायचे. पोत्यांचा भार मधोमध आणि तळाला. लेकरांना आधी जॅकेट. वारा सुटला, ढग भरले तर थांबायचे. आसामात ८ सप्टेंबर २०२१ रोजी जोरहाटच्या निमाती घाटावर, माजुली बेटाच्या वाटेवर, खासगी आणि सरकारी बोटीची टक्कर झाली. त्यानंतर तिथल्या सरकारने एकाच इंजिनाच्या खासगी बोटी बंद केल्या. दुसरे इंजिन परवडत नसेल तर निदान दोन वल्ही आणि लांब दोर नावेत असलाच पाहिजे.

शेवटी इतकेच. काठावरचे म्हातारे एका वाक्यात सांगतात, "भाऊ, आमनी नाव हाऊच आमना रस्ता शे." ज्या जिल्ह्याने धरणाचे पाणी पदरात घेतले, त्या जिल्ह्याच्या रस्त्यांच्या यादीत या वाटांनाही एक नंबर मिळाला पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या, आणि सोबत मोजणीची वही ठेवा.